आंब्यापासून सहा पावले

घराच्या मागे, ज्या जागेला जुनी मराठी परस म्हणते आणि घरमालक हल्ली ‘बॅकसाइड’ म्हणतो, तेथे कुंपणाच्या भिंतीला टेकून उभी असलेली, पत्र्याच्या छपराची, कुरकुरणाऱ्या एका दाराची आणि कधीही न उघडणाऱ्या एका खिडकीची जी वास्तू असते, तिला शेड म्हणतात. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय बंगल्यांच्या संदर्भात तिची उत्पत्ती ठरलेली आहे : घराचे बांधकाम चालू असताना सिमेंटची पोती भिजू नयेत म्हणून ती उभारली जाते, बांधकाम संपल्यावर ती पाडायची असा निर्णय एकमताने होतो, आणि मग जे घरात ठेववत नाही व भंगारवाल्याला देववत नाही, अशा सर्व वस्तूंनी एका दिवाळीच्या साफसफाईत तिचा ताबा घेतल्यावर तिला स्थावर मालमत्तेचा दर्जा प्राप्त होतो. अशा वास्तूपर्यंत जमिनीखालून वीज नेणे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

शेडमधील विजेची गरज प्रथम भागवली जाते ती ‘तात्पुरत्या सोयीने’. ही संज्ञा येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण कोशात तात्पुरते म्हणजे थोड्या काळापुरते, तर घरात तात्पुरते म्हणजे ज्यावर पैसे खर्च झालेले नाहीत आणि म्हणून जे बदलण्याची कोणालाही घाई नाही असे. वॉशिंग मशीनच्या प्लगमधून निघालेला एक्स्टेन्शन बोर्ड मोरीच्या खिडकीतून बाहेर पडतो, तेथे त्याला दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड जोडला जातो, दोहोंच्या सांध्यावर पाऊस पडू नये म्हणून दुधाची रिकामी पिशवी रबरबँडने बांधली जाते, आणि पुढची वायर कपडे वाळत घालण्याच्या तारेला ठिकठिकाणी सुतळीने आवळत शेडपर्यंत जाते. ही सोय चौदा वर्षे टिकते. दर वर्षी मृगाच्या आधी दुधाची पिशवी बदलली जाते आणि या कृतीला घरमालक ‘मेंटेनन्स’ असे संबोधतो. पंधराव्या वर्षी ओली चादर वाळत घालताना गृहिणीच्या हाताला झिणझिण्या येतात आणि प्रश्नाला तांत्रिक स्वरूप प्राप्त होते.

“अहो, तारेला करंट येतोय.”

“येतोय म्हणजे नक्की किती येतोय?”

“हात लावून बघा.”

हे सर्व निरीक्षण परक्या घरात, तटस्थपणे, वही घेऊन केलेले आहे, असे म्हणता आले असते तर प्रस्तुत लेखकाला फार बरे वाटले असते. परंतु संशोधनातील प्रामाणिकपणाला जागून एवढे नमूद करावे लागते की या प्रकरणात लेखक साक्षीदार नसून पक्षकार आहे, आणि यापुढे जेथे जेथे ‘घरमालक’ असा शब्द येईल तेथे तेथे वाचकाने काय समजायचे ते समजावे.

कोणतीही केबल निवडण्यापूर्वी विद्युतभार, म्हणजे त्या ठिकाणी एका वेळी चालू असू शकतील अशा उपकरणांची एकूण शक्ती, काढावी लागते. घरमालकाच्या मनात आरंभी ९ वॅटचा एक एलईडी बल्ब असतो. तथापि ‘शेडमध्ये लाइट येणार’ ही वार्ता रात्रीच्या जेवणापर्यंत घरभर पसरते आणि प्रत्येकाला आपल्या आयुष्यात आजवर काय कमी होते याचा अचानक उलगडा होतो. गृहिणीला स्वयंपाकघरात ठणाणा करणारी घरघंटी तेथे हलवायची असते. घरघंटी, म्हणजे घरी पीठ दळण्याची विजेची गिरणी, १ अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची. घरमालकाच्या आईला उन्हाळी कामांसाठी तेथे २,००० वॅटची इंडक्शन शेगडी हवी असते. मुलाला तेथे व्यायामशाळा काढायची असल्याने ७५ वॅटचा पंखा येतो. स्वतः घरमालकाकडे ५०० वॅटचे ड्रिल मशीन असते, जे त्याने दिवाळीच्या बोनसमधून घेतले होते आणि ज्याने आजवर दारावरच्या पाटीसाठी दोन भोके पाडली होती, त्यांपैकी एक पाटीच्या कामी आले. बेरीज ३,३३० वॅट होते, तिला २३० व्होल्टने भागल्यावर सुमारे १४.५ अँपिअर इतका प्रवाह निघतो, आणि घरमालक जन्मात प्रथमच वीजबिलावर ‘मंजूर भार’ नावाची एक ओळ छापलेली असते ती चष्मा लावून वाचतो. बल्ब या यादीत अजूनही ९ वॅटचाच असतो, मात्र त्याच्याविषयी आता कोणी बोलत नाही.

येथे शेजारी या घटकाचा प्रवेश होतो. घरात चर खणायचा आहे हे कुंपणापलीकडे कसे कळते, याचा उलगडा अद्याप झालेला नाही; परंतु कुदळ विकत घेण्याआधीच पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता आणि बँकेतून स्वेच्छानिवृत्त झालेले दुसरे गृहस्थ, असे दोन पक्ष गेटपाशी उभे राहतात. पहिल्या पक्षाचे मत, दोन खांब रोवून वरून तार न्यावी. दुसऱ्या पक्षाचे मत, सगळे सुधारलेले जग जमिनीखालून जाते. भूमिगत पक्षाच्या बाजूने इतिहास आहे, हे मान्य करावे लागते. न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवरचे आपले वीजकेंद्र थॉमस एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू केले, तेव्हा तारांच्या भाराने वाकलेल्या खांबांच्या त्या शहरात त्याने स्वतःच्या तारा हट्टाने रस्त्याखालूनच नेल्या होत्या. पुढे मार्च १८८८ मधील हिमवादळात खांबांवरच्या तारांची जाळीच्या जाळी रस्त्यांवर कोसळली आणि त्याचे म्हणणे इतरांनाही पटले.

“आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?” असा पाटबंधाऱ्यांचा सवाल.

“झावळ्या पडतात की,” असे बँकेचे उत्तर.

एडिसनच्या भूमिगत नळ्यांतून सुरुवातीला वीज ओल्या रस्त्यात झिरपे आणि तेथून जाणारे घोडे झटका बसून उधळत, अशीही हकीकत त्याच्या चरित्रांत येते. घरमालक ती गृहिणीला, चादर-प्रकरणाच्या संदर्भात, धीर देण्याच्या हेतूने सांगतो. धीर देण्याची ही पद्धत परिणामकारक नाही, आणि त्या रात्रीच्या आमटीत मीठ नसण्याचा संबंध इतिहासाशी आहे हे त्याला बरेच उशिरा कळते.

भूमिगत मार्ग ठरला की खोली ठरवावी लागते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १२५५ या संहितेत कमी दाबाच्या केबलसाठी ०.७५ मीटर, म्हणजे साधारण अडीच फूट, खोली सांगितली आहे; चराच्या तळाशी वाळूचा थर, त्यावर केबल, त्यावर पुन्हा वाळू, आणि वर विटांची किंवा फरशांची एक ओळ, म्हणजे उद्या कोणाची कुदळ पडली तर ती आधी विटेवर पडावी आणि खणणाऱ्याला दुसरा विचार करण्याची संधी मिळावी, अशी ही रचना असते. केबलही साधी चालत नाही. तारांभोवती पोलादी कवच असलेली ‘आर्मर्ड’ केबल घ्यावी लागते. या तरतुदी घरमालक वायरमनला वाचून दाखवतो. वायरमन त्या सभ्यपणे ऐकून घेतो, जमिनीकडे पाहतो आणि म्हणतो, “साहेब, हातभर पुरे. एवढ्या खाली कोण बघायला येतंय?” या प्रश्नाला संहितेत उत्तर नाही.

वायरमन ही स्वतंत्र प्रकरणाची योग्यता असलेली व्यक्ती होय, तथापि येथे दोनच विशेष नोंदवून पुढे जाणे भाग आहे. पहिला विशेष असा की त्याच्याजवळ टेस्टर नसतो. टेस्टर, म्हणजे आत छोटा निऑन दिवा असलेला पेचकस, तो प्रत्येक घरी घरमालकाकडून मागून घेतो आणि जाताना विसरून खिशात नेतो, तरीही पुढच्या घरी त्याच्याजवळ टेस्टर नसतोच, त्यामुळे शहरातील सर्व टेस्टर अखेर कोठे जातात हा प्रश्न खुला राहतो. दुसरा विशेष असा की तो फीत वापरत नाही. दोन्ही हात आडवे पसरून होणाऱ्या मापाला मराठीत वाव म्हणतात, आणि तो सर्व अंतरे वावांत मोजतो. वर हे माप सकाळी आणि संध्याकाळी सारखे भरत नाही.

केबलच्या जाडीचा मुद्दा मात्र त्याच्या बोलण्यात रास्त निघतो, असे पक्षपात टाळून सांगितले पाहिजे. घरमालकाने पैसे वाचवण्यासाठी १.५ चौरस मिलिमीटरची तार सुचवलेली असते. अशा तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, किलोमीटरला सुमारे १२ ओहम भरतो; शेड ३५ मीटरवर असल्याने वीज जाऊन-येऊन ७० मीटर चालते, रोध ०.८५ ओहमच्या आसपास येतो, आणि १४.५ अँपिअर वाहू लागले की १२ व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. लांबलचक पंगतीत तूप वाढत येणारा माणूस शेवटच्या पानापाशी पोहोचेपर्यंत वाटीत जे उरते, तेवढ्यावर मग घरघंटीला भागवावे लागते, आणि ती दळण्याऐवजी कण्हू लागते. ४ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हीच गळती पाच व्होल्टच्या आत राहते. वायरमनने यांतले काही मोजलेले नसते. “बारीक घेतली तर मोटार रडते, साहेब,” एवढेच तो म्हणतो, आणि घरमालकाने दोन संध्याकाळी कॅल्क्युलेटर घेऊन काढलेले उत्तरही तेच असते.

अक्षय्य तृतीयेला नारळ फोडून कामाचा प्रारंभ होतो. पहिले दीड फूट काळी माती लागते, ती उन्हाळ्यात इतकी टणक झालेली असते की कुदळ तिच्यावरून पाय घसरल्यासारखी बाजूला जाते. त्याखाली मुरूम लागतो, तो थोडा ऐकतो. आणि मग एका फटक्याला पहार देवळातल्या घंटेसारखी वाजते. दख्खनच्या पठारावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि त्यांचा काळा पाषाण झाला, हे शालेय भूगोलात सर्वांनी वाचलेले असते. परंतु तो थर आपल्याच परसात, ०.७५ मीटरच्या बरोबर अलीकडे येऊन थांबलेला असेल, याची पूर्वकल्पना क्रमिक पुस्तक देत नाही. कोकणातील घरमालकाची स्थिती याबाबतीत बरी म्हणावी लागेल, कारण तेथील जांभा नुकता उघडा पडलेला असताना कापता येतो आणि नंतर हवेत टणक होतो. अर्थात कोकणातील घरमालक स्वतः मुंबईत असल्यामुळे खणण्याचा प्रश्न गावच्या भावाकडे असतो आणि फोनवरून सूचना देण्याचा प्रश्न तेवढा त्याच्याकडे उरतो.

“साहेब, काळा दगड लागला.”

“बाजूने घ्या.”

“बाजूलाही आहे.”

“मग त्याच्या बाजूने.”

या पद्धतीने पुढे गेलेला चर गच्चीवरून पाहिला असता मोडीत लिहिलेल्या एखाद्या खलित्यासारखा दिसतो, आणि ३५ मीटरचे अंतर ४१ मीटर होते. वाटेत आणखी एक शास्त्रीय शोध लागतो. पाण्याची पाइपलाइन कोणत्या बाजूने गेली आहे, असे विचारले असता घरमालकाने “इकडून नक्की नाही” असे आत्मविश्वासाने सांगितलेले असते. तेथेच तिसऱ्या घावाला पुरुषभर उंचीचे कारंजे उडते. प्लंबरला बोलावले जाते. तो फुटलेल्या जोडाकडे कीव आल्यासारखे पाहतो आणि विचारतो, “हे काम कोणी केलंय?”

“तुम्हीच. २०११ साली.”

“मग त्या काळाच्या मानाने बरं केलंय.”

जमिनीत पुरलेल्या वस्तूंविषयी माणसाला जी खात्री असते, तिचे मूळ कशात असावे हे सांगणे कठीण आहे. दिवाणखान्यात समोर ठेवलेला चष्मा ज्याला दिवसातून चार वेळा सापडत नाही, तोच गृहस्थ अडीच फूट मातीखालच्या, तेरा वर्षांपूर्वी बुजवलेल्या नळाविषयी ‘नक्की’ हा शब्द वापरतो. चरातून पुढे यथाक्रम निघतात ते असे : बंद पडलेल्या दूरध्वनीची केबल, जिच्याविषयी कोणीच दावा करत नाही, ड्रेनेजचे एक झाकण, जे शोधण्यासाठी मागच्या पावसाळ्यात संपूर्ण अंगण ठोकून पाहिले होते, आणि मुलाने तिसरीत असताना पुरलेला ‘खजिना’, ज्यात चार गोट्या आणि घरमालकाचे हरवलेले मनगटी घड्याळ असते. मुलगा हल्ली अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने खजिन्याचा नकाशाही काढला होता, पण नकाशा खजिन्यातच ठेवला होता.

त्यानंतर वायरमन दिसेनासा होतो. लग्नसराईत मंगल कार्यालयांची रोषणाई त्याच्याकडे असते आणि तिथी चराची वाट पाहत नाहीत. उघडा चर घरातील दैनंदिन जीवनाचा भाग बनतो, त्यावर एक फळी टाकली जाते, तिच्यावरून गॅस सिलिंडर गडगडवत आणणारा मनुष्य दर वेळी मधोमध थांबून “साहेब, काम कधी संपणार?” असे विचारतो, आणि त्याला दर वेळी “दोन दिवसांत” असे उत्तर मिळते. मृगाचा पाऊस ठरल्या वेळी येतो. चर भरतो, त्यात बेडूक येतात, बेडकांना पाहायला मुले येतात, मुलांना हाकलायला आजी येतात, आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेजारी गेटपाशी उभे राहून कित्येक वर्षांनी व्यावसायिक समाधानाने म्हणतात, “पाणी छान साठलंय हो.” वीज केबलमधून ३५ मीटरचे अंतर एका सेकंदाच्या सुमारे पन्नास लाखाव्या भागात कापते, ही माहिती घरमालकाला याच सुमारास वाचनात मिळते, आणि तो ती कोणालाही सांगत नाही.

आषाढात पाणी उपसून काम पुन्हा सुरू होते, ते अर्थिंगच्या खड्ड्यापासून. अर्थिंग म्हणजे उपकरणाच्या धातूच्या अंगाला जमिनीशी जाड तारेने जोडून ठेवणे, जेणेकरून आतली वायर सुटून पत्र्याला लागली तरी प्रवाह माणसातून न जाता जमिनीत उतरावा आणि संरक्षक खटक्याने पुरवठा तोडावा. त्यासाठी जमिनीत धातूची नळी किंवा पाटी पुरतात आणि ओलावा टिकावा म्हणून भोवती मीठ व लोणारी कोळसा भरतात. खड्ड्यापाशी आलेली खडे मिठाची पिशवी पाहून घरमालकाच्या आईला वेगळीच शंका येते.

“एवढं मीठ कशाला रे? लोणची तर झाली घालून.”

“जमिनीत घालायचंय, आई. विजेसाठी.”

“आणि कोळसा?”

“तोही विजेसाठी.”

“दृष्ट काढतोयस की काय तिची?”

शेडच्या कोपऱ्यालगत हा खड्डा खणत असतानाच कुदळीला काहीतरी पोकळ लागते. माती बाजूला केल्यावर एक लोखंडी पाईप दिसतो. त्याच्या तोंडाला लाकडी बूच असते, आणि बूच काढल्यावर आतून सुतळीचे टोक बाहेर येते. जमिनीखालून वायर ओढून घेण्यासाठी आधीच घालून ठेवलेल्या रिकाम्या नळीत अशी सुतळी सोडतात. म्हणजे पुढे वायर तिला बांधायची आणि दुसऱ्या टोकाने ओढायची, खणायचे काम नाही. पाईप घराच्या दिशेने गेलेला असतो, आणि तो सरळ गेलेला असतो. सर्वजण आळीपाळीने त्या पाइपाकडे आणि मग त्या मोडी खलित्याकडे पाहतात.

“हा कोणी टाकला?”

“ह्यांनी टाकला होता की, घर बांधलं तेव्हा,” आई दारातून सांगते. “म्हणाले, पुढेमागे शेडला लाइट लागेल.”

“मग सांगायचं नाही का?”

“तू विचारलंस कुठे? तू तर त्या पुस्तकातूनच वाचून दाखवत होतास.”

माळ्यावरच्या ट्रंकेतून घरमालकाच्या दिवंगत वडिलांची १९८९ सालची डायरी काढली जाते. तिच्यात रेतीचे ट्रक, गवंड्याची उचल आणि पोत्यांचा हिशेब यांच्या खाली, सुवाच्य अक्षरात नोंद मिळते की शेडसाठी पाईप घातला आहे, आत सुतळी आहे, आणि पाइपाचे घराकडील तोंड आंब्यापासून सहा पावलांवर आहे. नोंद निर्दोष आहे. केवळ आंबा नाही. त्याची मुळे पायात शिरतात या शेजारच्या सल्ल्यावरून तो कधीच तोडला गेला. तो नेमका कोठे होता याविषयी आईचे एक मत असते, गृहिणीचे दुसरे, आणि घरमालक, जो लहानपणी त्याच झाडावरून पडून हात मोडून घेऊन बसला होता, तिसऱ्याच जागेकडे बोट दाखवून “इथे, नक्की” असे म्हणतो. शिवाय सहा पावले कोणाची, हाही प्रश्न उरतो. वडील उंच होते. सुतळी अलगद ओढून पाहिली असता ती वीतभर बाहेर येते आणि तुटते.

अखेर मोडी चरातूनच केबल टाकायचे ठरते. ती वाळूत बसते, वळणे घेते, शेडपर्यंत येते, आणि शेडच्या भिंतीवर ठरलेल्या जागी पोहोचण्याच्या दोन हात आधी संपते. वायरमन शांतपणे दोन्ही हात पसरून उरलेले अंतर मोजतो, जणू चूक अंतराची आहे. “जॉइंट मारू,” असा त्याचा प्रस्ताव असतो. ओल्या जमिनीत केबलला असा जोड देणे म्हणजे दुधाची पिशवी आणि रबरबँड यांचे भूमिगत पुनरागमन होय, हे घरमालक या वेळी ठामपणे सांगतो, आणि संपूर्ण प्रकरणातील त्याचा हा एकमेव विजय असल्याने तो येथे नोंदवला आहे. तोड अशी निघते की जेथे केबल संपते तेथेच बोर्ड बसवायचा. ती जागा दाराच्या मागे येते. परिणामी शेडमधला दिवा लावायचा असल्यास काळोखात आत शिरावे लागते, दार स्वतःवर ओढून घ्यावे लागते, आणि मग भिंत चाचपत खटका शोधावा लागतो. त्यासाठी घरमालक पुढे एक बॅटरी विकत घेतो आणि ती शेडच्या बाहेर खिळ्याला टांगतो.

पुरवठा सुरू करताच घरातला आरसीसीबी पडतो. आरसीसीबी हा असा खटका आहे की जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत फरक पडला, म्हणजे कोठेतरी गळती झाली, की तो पुरवठा तोडतो. घरगुती वापरात ही मर्यादा बहुधा ३० मिलिअँपिअर असते. तो वर केला की पडतो, पुन्हा वर केला की पुन्हा पडतो, आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून “अहोऽऽ” असा पुकारा होतो. वायरमन केबलला दोष देतो, दुकानदार फोनवर वायरमनला दोष देतो, बँकेतील गृहस्थ वर्षभर गाजलेल्या एका ग्रहणाला दोष देतात. दोन तासांनी असे आढळते की शेडच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ या दोन तारा एकाच स्क्रूखाली आवळल्या गेल्या आहेत, त्यामुळे परतीचा काही प्रवाह आडवाटेने जमिनीत जात होता आणि खटका आपले काम चोख बजावत होता. घरात तेवढा तो एकच घटक संहितेप्रमाणे वागत होता आणि सर्वांनी शिव्याही त्यालाच घातल्या होत्या.

श्रावणातल्या एका संध्याकाळी ९ वॅटचा बल्ब लागतो. सगळे कुटुंब दाराशी जमलेले असते, आजी हात जोडते, आणि त्या पांढऱ्या प्रकाशात शेडचे अंतरंग अनेक वर्षांनी प्रथमच स्पष्ट दिसते : मोटार नसलेला कूलर, रंगाचे अकरा डबे, मुलाची तीनचाकी, पुतण्याच्या लग्नातले कमानीचे सांगाडे, आणि सर्वांत मागे, ज्याच्यासाठी ही वास्तू मुळात उभी राहिली होती ते सिमेंटचे एक पोते, आता पूर्णपणे दगड झालेले. घरघंटी ठेवायला जागा नसते. शेगडी ठेवायला जागा नसते. व्यायामशाळेसाठी मुलगा एकदा आत वाकून पाहतो आणि चालायला निघून जातो. दिव्यामुळे एवढे मात्र कळते की जागा नाही.

चर बुजवला जातो. वडिलांच्या नोंदीतील उणीव घरमालकाच्या ध्यानात आलेली असते : झाड तोडले जाऊ शकते, म्हणून खूण झाडावरून ठेवू नये. त्याच डायरीत, १९८९ च्या नोंदीखाली, तो तारीख घालून केबलची जाडी, खोली आणि वळणांची संख्या लिहितो, आणि मुख्य वळणाची जागा, अंगणातील जास्वंदीच्या सिमेंटच्या मोठ्या कुंडीपासून डावीकडे चार पावले, अशी नमूद करून खाली सही करतो. पावले स्वतःची आहेत, असेही तो कंसात लिहितो.

गणपती आठवड्यावर येतात. मखराच्या माळांसाठी मोरीच्या खिडकीतून जुना एक्स्टेन्शन बोर्ड पुन्हा बाहेर निघालेला असतो, तात्पुरता.

“अहो, ती जास्वंदीची कुंडी तेवढी दाराशी आणून ठेवा ना,” गृहिणी म्हणते. “सकाळी फुलं काढायला बरं पडेल.”

घरमालक कुंडीला दोन्ही हातांनी धरतो, कमरेला जपत तिला थोडी कलती करतो, आणि कडेवर गोल गोल फिरवत दारापर्यंत नेतो.